कोरेगावला जायचं, पण पोरीला सांगायचं काय?

औंदा एक जानेवारीला अख्ख्या घरानं कोरेगावला जायचं, असं अशोक विजयादशमीलाच ठरलं होतं. डिसेंबर लागला तसा हिशेब काढायला बसलो आणि घरात भांडण लागलं. भांडण पैशाचं नव्हतं. पैशाचं गणित आमच्या घरी बायको करते. तिनं ते पाच मिनिटांत मिटवलं. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला एस.टी. फुकट. बायकोला अर्धं तिकीट, पोरीला अर्धं. पुरं तिकीट एकट्या माझं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरची. राहायचं येरवड्याला, बायकोच्या मावशीकडं. झालं.

भांडण लागलं ते सातवीतल्या पोरीच्या एका प्रश्नानं. अभ्यासाची वही मांडीवर घेऊन ती आमचं ऐकत होती. मधीच म्हणाली, "बाबा, तिथं आपण इंग्रजांच्या बाजूनं होतो का?"

दोस्तांनो, मी चळवळीत पंचवीस वर्षं काढली. भीमनगरपासून टी.व्ही. सेंटरपर्यंत असा एक चौक नाही जिथं माईक धरला नाही. मला काय, बटण दाबलं की भाषण सुरू. म्हणालो, बेटा, पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांची पेशवाई एका दिवसात गाडली. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधणाऱ्यांना आपल्या बापजाद्यांनी पाणी पाजलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते कळलं. पण शाळेत तर सांगतात, इंग्रज आपल्याला गुलाम करायला आले होते. मग आपण त्यांना मदत कामून केली?"

मी गप्प बसलो. चौकात असलं कुणी विचारत नाही. कुणी विचारलंच तर दोन पोरं त्याला बाजूला घेऊन चहा पाजतात. घरात ती सोय नाही.

हा प्रश्न माझ्या एकट्याच्या पोरीचा नाही, म्हणून इथं मांडतो. दरसाली आपण लाखांनी तिथं जातो. लेकरांना खांद्यावर घेऊन जातो. त्या लेकरांना आपण काय सांगतो? आणि जे सांगतो ते खरं आहे का? खरं नसेल तर सांगायचा हक्क आपल्याला आहे का? आपण त्या माणसाचे वारस आहोत, ज्यानं पोथ्या फाडून आत काय भरलंय ते जगाला दाखवलं. कालामांना बुद्धानं काय सांगितलं ते आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो. परंपरेनं चालत आलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. हे काय फक्त बामणाच्या पोथीपुरतंच सांगितलं होतं? आपल्या पोथीला ते लागू नाही?

तर मी त्या रात्री भाषण गुंडाळून ठेवलं, आणि जे खात्रीनं ठाऊक आहे तेवढंच पोरीपुढं ठेवायचं ठरवलं.

आधी रस्ता. आपल्या गावाहून, म्हणजे कागदावर आता छत्रपती संभाजीनगर, पुण्याची गाडी धरली की वाळूज, कायगाव टोक्याला गोदावरी, मग नेवासा फाटा, नगर, सुपा आणि शिरूर. शिरूरपासून पुढं मात्र जरा जागं राहायचं. कारण तिथून आपली एस.टी. ज्या दिशेनं जाते त्याच दिशेनं ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टन निघाला होता. कंपनी सरकारची छावणी शिरूरला. पुण्याच्या इंग्रज फौजेला कुमक हवी होती. स्टॉन्टनबरोबर आठशेच्या आसपास माणसं. बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, ती पाचशेची. वर घोडेस्वार, दोन तोफा, आणि तोफांवर मद्रासकडचे मूठभर गोरे. ही माणसं थंडीत रातभर चालली. सकाळी भीमेच्या काठाला आली तर समोर पेशव्याची फौज. पुढं जाता येईना म्हणून कोरेगावात शिरली आणि मातीच्या भिंतींचा आडोसा धरून लढली. दिवसभर पोटात अन्न नाही. नदी हाकेच्या अंतरावर, आणि पाण्याचा घोट नाही. रात्री नऊच्या सुमाराला मारा थांबला. आठशेंतली पावणेतीनशे माणसं मेली, जखमी झाली, नाहीतर बेपत्ता झाली.

इथवर सगळं आपल्या भाषणातलंच आहे. आता जे भाषणात नसतं ते.

अठ्ठावीस हजार हा आकडा पेशव्याच्या सगळ्या फौजेचा, वीस हजार घोडा आणि आठ हजार पायदळ. गावावर चालून आले ते दोनेक हजार, आणि त्यांतही पुढं होते अरब. म्हणजे पेशव्याच्या बाजूनं जीव द्यायला भाड्याची माणसं, कंपनीच्या बाजूनंही पगारी माणसं. पेशवा स्वतः लांबून बघत होता. स्टॉन्टन पुण्याला पोचलाच नाही. दोन तारखेच्या रात्री जखमींना घेऊन तो शिरूरला परतला. आणि पेशवाई त्या एका दिवसात गाडली म्हणावं, तर शनिवारवाड्यावर कंपनीचं निशाण १७ नोव्हेंबर १८१७ लाच लागलं होतं. बापू गोखले पडला आष्टीला, फेब्रुवारी १८१८ मध्ये. बाजीराव शरण आला जूनमध्ये, माल्कमपुढं. कोरेगाव ही त्या युद्धातली एक लढाई. कंपनीच्या पलटणीत एकटे महार नव्हते. मराठे होते, राजपूत होते, मुसलमान होते. आणि महार नुसते कंपनीकडंच होते असंही नाही. पेशवाईच्याच काळातली, १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईतली शिदनाक महाराची गोष्ट आपल्याकडं म्हातारी माणसं अजून सांगतात. तो तर पटवर्धनाच्या, म्हणजे पेशव्याच्या सरदाराच्या गोटातला.

हे मी काही नवं सांगत नाही. आनंद तेलतुंबडे यांनी २०१८ च्या जानेवारीत हेच लिहिलं, की जातीच्या जाचाविरुद्ध ठरवून केलेली लढाई म्हणून कोरेगावकडं बघणं ही दंतकथा आहे. तेव्हा आपल्यातल्या कितीकांना ते झोंबलं! मलाही झोंबलं. मी तर एका बैठकीत त्यांना घरभेदी म्हणून मोकळा झालो. पुढं २०२० साली, बरोबर १४ एप्रिलला, त्याच कोरेगावच्या आगेमागे उभ्या केलेल्या एल्गारच्या खटल्यात तो माणूस तुरुंगात गेला. अडीच वर्षं आत राहिला. ज्यानं दंतकथा नाकारली त्यालाच दंतकथेच्या नावानं आत टाकलं. सरकारचा विनोद असा असतो. माझा तो शब्द मात्र मी अजून परत घेतलेला नाही. आज इथं घेतो.

बरं, पोरीला हे सगळं सांगितलं. तिचं तोंड उतरलं. म्हणाली, "मग जायचं कशाला?"

बायकोला आयतंच फावलं. तिला मुळात जायचंच नव्हतं. ती म्हणाली, "लढाईची जागाच दाखवायची ना लेकराला? मग असई कुठं लांब आहे? भोकरदनच्या पुढं. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी."

थट्टेत बोलली, पण त्या थट्टेनं मला रात्रभर झोपू दिलं नाही. आपल्यातल्या किती जणांना असई ठाऊक आहे? २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात जनरल वेलस्लीनं शिंदे आणि भोसल्यांची फौज मोडली. हाच वेलस्ली पुढं वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. इंग्रजांच्या बाजूची दीड हजारावर माणसं असईला मेली नाहीतर जखमी झाली. त्यांत मद्रासकडचे देशी शिपाई किती! कंपनीचा विजय म्हणाल तर हा कोरेगावच्या कितीतरी पट मोठा. आणि आपल्या उंबऱ्यापाशी. मग एक जानेवारीसारखी २३ सप्टेंबरला आपली गर्दी असईला का होत नाही? निळा झेंडा घेऊन एक तरी माणूस तिथं गेलाय का आजवर?

नाही गेला. आणि माझ्या पोरीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. आपल्याला इंग्रजांच्या विजयाचं कौतुक असतं तर आपण असईला गेलो असतो. अंतर निम्म्याहून कमी आणि भाडंही तसंच. आपण जातो ते विजयासाठी नाही. त्या खांबावर जो मजकूर आहे तो इंग्रज फौजेची थोरवी सांगतो, त्याच्याशी आपलं देणंघेणं नाही. आपण जातो ते त्याच दगडावर, जरा खाली, मेलेल्या शिपायांची नावं आहेत म्हणून. एकूण ४९ नावं. त्यांतली २२ 'नाक' लागलेली. नाक म्हणजे महार, दुसरं कुणी नाही.

आता 'नाक' या दोन अक्षरांवर जरा थांबा. गावात त्या माणसाला काय म्हणत असतील? अरे म्हारड्या. नाहीतर नुसती हाक, ती पण लांबून. त्याची सावली पडू द्यायची नाही, मग नाव कोण उच्चारणार? त्याचं पूर्ण नाव लिहायची गरज इथल्या कुठल्याही पोथीला, बखरीला, देवळाच्या पायरीला कधी पडली नाही. ती पडली एका परदेशी व्यापारी कंपनीला, आणि तीही प्रेमापोटी नाही. तिला पगार वाटायचा होता. पगार वाटायचा तर हजेरीपट लागतो. हजेरीपटावर नाव लागतं. त्या हजेरीपटावरून नाव खांबावर गेलं. १८२१ च्या मार्चमध्ये त्या खांबाचा पाया घातला गेला. मराठ्याच्या, राजपुताच्या, मुसलमानाच्या नावाबरोबर एकाच दगडावर महाराचं नाव बसलं. बाटलं कुणी नाही.

हे मी आईला समजावून सांगत होतो तर ती हसली. म्हणाली, "मला काय शिकवतो मस्टर?"

खरंच की. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. मला कितीदा तरी सांगितलेली गोष्ट तिनं नातीला पहिल्यांदा सांगितली. गावात तिचं नाव म्हणजे अमक्याची बायको. रोजगाराच्या कामावर पहिल्यांदा कुणी तरी विचारलं, बाई, तुमचं नाव? तिला स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची लाज वाटली. मुकादमानं ते चुकीचं लिहिलं आणि अंगठा उठवून घेतला. आठ दिवसांनी पैसे मिळाले तेही मोजून कमी. पण नाव पुकारलं होतं. चार आळीच्या माणसांत मोठ्यानं पुकारलं होतं. ती म्हणाली, "तवा मला कळलं का मी हाये."

पोरीनं लगेच धरलं. "पण आजी, ते तर इंग्रजांच्या पगारासाठी लढले."

"मग काय झालं? म्या खडी फोडली ती काय मुकादमासाठी? सडकंवरून मोटारी गेल्या बड्या लोकांच्या. आमच्या पायात चप्पल नव्हती. म्हून काय खडी म्या फोडली न्हाई? माघारी फिरले का ते, सांग. दिसभर उपाशी, पानी न्हाई. पळून गेले का?"

"नाही."

"मग!"

दोस्तांनो, मी पंचवीस वर्षं भाषणं केली आणि माझ्या अडाणी आईनं अख्खा वाद दोन वाक्यांत उलटा करून ठेवला. आपण घाबरतो कशाला? 'भाडोत्री' हा शब्द कुणी तोंडावर मारील म्हणून. म्हणून पगाराची गोष्ट लपवतो आणि त्या शिपायांच्या तोंडी क्रांतीची घोषणा घालतो. पण पगार घेणं ही लाज कुणाची? ज्यांच्या घरी वतनं होती, इनामं होती, दक्षिणा होत्या, त्यांनी पगाराला नाक मुरडावं. रमणा भरला की आयती दक्षिणा मिळायची त्यांना! आपल्या माणसाला गावात बलुतं म्हणजे शिळा तुकडा आणि मेलेलं ढोर. त्याच्यासाठी रोकड पगार, अंगावर कपडा, हातात बंदूक आणि हजेरीपटावर नाव यांचा अर्थ काय असेल, हे खडी फोडलेल्या बाईला कळतं. विद्यापीठातल्या सेमिनारात कळेलच असं नाही.

पण इथंच थांबलं तरी ते अर्धसत्यच राहील, कारण मालकाचा हिशेबही पोरीला सांगायला हवा. ज्यांच्या रक्तावर कंपनीनं राज्य बसवलं, त्यांच्याच नातवंडांना इंग्रज सरकारनं १८९२-९३ च्या सुमाराला फौजेत घ्यायचं बंद केलं. काय तर म्हणे लढाऊ जात नाही. खांब तिथंच उभा, नावं तिथंच कोरलेली, आणि लढाऊ जात नाही! गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केला. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली केला. अर्जात पूर्वजांच्या लढायांचे दाखले. म्हणजे हा खांब आपण पहिल्यांदा वापरला तो पुरावा म्हणून, नोकरीच्या अर्जाला जोडायचा कागद म्हणून.

आणि मग बाबासाहेब. १ जानेवारी १९२७ ला ते कोरेगावला आले. ते शेंदूर फासायला आले नव्हते. सुभेदाराचा पोरगा होता तो, पलटणीतल्या घरात वाढलेला. पगार काय, पेन्शन काय आणि फौजेचं दार बंद झालं की घराचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबांनी त्या खांबाचं काय केलं ते बघा. १९३० साली लंडनला गोलमेज परिषदेत इंग्रजांना तोंडावर विचारलं, तुमच्या दीडशे वर्षांत आमचं काय बदललं? आधी विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? आधी देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? १९४६ साली कॅबिनेट मिशनच्या अलेक्झांडरसाहेबाला पत्र लिहिलं, त्यात प्लासी आणि कोरेगाव काढून सांगितलं, की हिंदुस्थान तुम्हाला जिंकून दिला तो अस्पृश्यांच्या फौजेनं. याला कुणी फितुरी म्हणेल हेही त्यांनी धरलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की घरच्यांनीच छळलेला माणूस बाहेरून आलेल्याकडं आशेनं बघतो, हे जगाच्या इतिहासात सगळीकडं घडलंय आणि ते स्वाभाविक आहे.

म्हणजे बाबासाहेबांनी पगार लपवला नाही, इंग्रज लपवला नाही, फितुरीचा आरोपही लपवला नाही. तिन्ही टेबलावर ठेवले आणि वर बिल ठेवलं. देणं आहे, फेडा. ज्या खांबाला इंग्रज आपली मर्दुमकी समजत होता, त्याची त्यांनी पावती केली. फौजेचं बंद दार अखेर उघडलं. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या टोपीवर सुरुवातीला हाच कोरेगावचा खांब होता.

आता एक हिशेब तुम्हीच करा. १ जानेवारी १९२७ ते २० मार्च १९२७. अठ्ठ्याहत्तर दिवस. कोरेगावचा तो खांब बघून आलेला माणूस अठ्ठ्याहत्तर दिवसांनी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरला आणि ओंजळीनं पाणी प्याला. एकातून दुसरं निघालं असं मी म्हणत नाही, तसा कागद माझ्यापाशी नाही, आणि पुन्हा नवी दंतकथा मला रचायची नाही. पण आपण दर एक जानेवारीला जाऊन येतो. पुढच्या अठ्ठ्याहत्तर दिवसांत काय करतो? मी माझं सांगतो. फोटो टाकतो. आणि चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर जाऊन पुन्हा फोटो टाकतो.

गेटचं नाव निघालं म्हणून सांगतो. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या जुलैत नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपली घरं पेटली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंना मारलं ते त्या नावापायी. ते ना कंपनीचे शिपाई होते, ना पेशव्याचे. पगार नव्हता, बंदूक नव्हती. माझ्या पोरीला कोरेगावचा पाढा पाठ आहे आणि पोचिराम कांबळे हे नाव तिनं त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. दोष कुणाचा? नांदेडला जायला एक जानेवारीची वाट बघावी लागते का? आईनं त्या दिवसांत दोन वर्षांच्या मला कडेवर घेऊन गाव सोडलं. त्याची गोष्टसुद्धा तिनं नातीला कधी सांगितली नव्हती, कारण त्यात आम्ही पळालो होतो.

राहिली बायकोची हरकत. ती मी मुद्दाम शेवटाला ठेवली, कारण तिला माझ्यापाशी धड उत्तर नाही. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, आम्ही दहा जण क्रूझर करून गेलो होतो. त्याआधी दोन-तीन दिवस वढू बुद्रुकला गोविंद गोपाळाच्या समाधीच्या पाटीवरून वाद पेटला होता. वढू म्हणजे संभाजी महाराजांची समाधी जिथं आहे ते गाव, कोरेगावपासून चारेक किलोमीटरवर. त्याच राजाचं नाव आता आपल्या शहराला आहे. त्या दिवशी दगडं आली, गाड्या जळाल्या. एका तरुणाचा जीव गेला. तो आपल्या गर्दीतला नव्हता, पण कुणाच्या तरी घरचा होताच. आमच्या क्रूझरची एक काच फुटली आणि आम्ही पहाटे घरी पोचलो. फोन लागत नव्हता. बायको पाच वर्षांच्या पोरीला घेऊन दारात बसून होती. ती त्या रात्रीबद्दल बोलत नाही. परवा पहिल्यांदा बोलली: "तुम्हाला जायचं तर जा. माझं लेकरू मी दगडाखाली देणार नाही. एका दगडावर नावं वाचायला दुसरा दगड डोक्यात घ्यायचा का?"

भित्रेपणा म्हणून हे उडवून लावता येत नाही. आपण पुरुष मंडळी लई लवकर शहीद व्हायला निघतो, आणि जायचं असतं लेकराला. मी म्हणालो, आता बंदोबस्त असतो, गाड्या लांब थांबवतात, तिथून बसनं नेतात. ती म्हणाली, बंदोबस्त लागतो यातच सगळं आलं. मी म्हणालो, मग साध्या रविवारी जाऊ, गर्दी नसताना. खरं तर नावं वाचायला तोच दिवस बरा. एक जानेवारीला रेटारेटीत कुणाला एक अक्षर वाचता येतं?

त्यावर आई बिघडली. "मला नाव वाचाया येत न्हाई. मला मानसं बघायचीत. मेल्याआधी एकदा आपली येवढी मानसं एका जागी उभी ऱ्हायल्याली बघायचीत."

तेही खरं. तिनं अठ्ठ्याहत्तरला आपली माणसं पळताना बघितलीत. उभी राहिलेली तिला बघायचीत, तर मी कोण नाही म्हणणार? तिथं ती खांबाला डोकं टेकवील, मेणबत्ती लावील. मी पूर्वी असल्यांना टोकायचो, ही मूर्तिपूजा आहे म्हणून. आता टोकणार नाही. तिचं मस्टर आहे ते.

दोन रात्री घोळ चालला. शेवटी बायकोनंच निकाल दिला. दोन्ही करायचं. एक जानेवारीला जायचं, पण एकतीसच्या दुपारीच येरवडा गाठायचा, पहाटे अंधारात निघायचं, खांबापाशी उजाडताना पोचायचं आणि उन्हाच्या आत माघारी. पोरीनं तिचा हात सोडायचा नाही, माझा नाही, तिचाच. घोषणा द्यायला मी थांबायचं नाही. आणि मार्चमध्ये परीक्षा झाली की एका साध्या रविवारी पुन्हा जायचं, तेव्हा पोर वहीत बावीसच्या बावीस नावं उतरवून घेईल. वढूलाही तेव्हाच जायचं. नांदेडचं उन्हाळ्यात बघू.

पोरीनं मागची पानं कोरी असलेली एक जुनी वही काढून ठेवली आहे. पहिल्या पानावर तिनं प्रश्न लिहिलेत. मी वाचले, सगळ्यांची उत्तरं मला येत नाहीत. एक आहे: त्या बावीस जणांच्या बायकांना पेन्शन मिळाली का? दुसरा आहे: पेशव्याकडून मेले त्या अरबांची नावं कुणी लिहिली का?

बायको पिशव्या भरते आहे. कालपासून माझ्या मागं लागली आहे की पाण्याचा अजून एक कॅन आणा, लाखांची गर्दी असती तिथं, पाण्याचे हाल होतात.